येसूबाईच्या दारची कावड

सोमवार, १२ जानेवारी १९३१

दोन घागरी भरून निघालो. दीड वाटेत सांडली, अर्धी पोचली. माझं धोतर पिळलं असतं तर पाऊण झाली असती!

ही वही आज दोन वर्षांनी उघडली. माझी बायको सगुणा गेल्यापासून लिहावंसं वाटलं नव्हतं. मधली काही पानं वाळवीनं खाल्ली आहेत. खाऊ दे. कोरीच होती.

काय झालं ते नीट लिहितो. बंदराकडच्या खालच्या वाडीनं येसूबाईला वाळीत टाकलं. तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही, वाडीच्या विहिरीवर तिनं यायचं नाही. बाई सत्तरीची. नवरा आणि मुलगा, दोघंही दर्यात गेलेले. गुन्हा काय? तर भर बैठकीत ती उठली आणि म्हणाली, गेल्या श्रावणात वाडीनं दर्याला नारळ देण्याआधीच, रीत मोडून, एक होडी बाहेर पडली होती, आणि ती गावकीच्या प्रमुखाची, धाकूची होती. मी डोळ्यांनी बघितली, म्हणाली. धाकू म्हणाला, खोटं. बैठक म्हणाली, बाई, देवापुढं नारळ ठेव, चुकले म्हण, विषय मिटेल. ती म्हणाली, "मी चुकले नाय, तर म्हनू कशी?"

विषय मिटला नाही.

मला हे शनिवारी कळलं. काल उपासनेची घंटा वाजवताना तेच डोक्यात. टेकडीवर आमच्या प्रार्थनामंदिराची विहीर आहे, ती वाडीची नाही. मीही वाडीच्या गावकीतला नाही. आम्ही ख्रिस्ती, आम्हाला तिथं मान नाही आणि हुकूमही नाही. म्हणजे मला कोणी अडवू शकत नाही! हे सुचलं आणि घंटेचे दोन ठोके जास्त पडले. पाळकसाहेब आतून डोकावले.

रात्रीपर्यंत बांबू तासून कावड केली. सुतारकामात जन्म गेला, पण कावड खांद्यावर घेऊन उतार कसा उतरायचा हे हातांना ठाऊक नव्हतं. वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. हसा बायांनो. मलाही हसू येत होतं.

मंगळवार, १३ जानेवारी

दोन्ही घागरींत लाकडाची एकेक गोल चकती सोडली. पाणी हिंदकळायचं थांबलं. आज फक्त ओंजळभर सांडलं.

येसूबाई घागरींकडं बघत उभी. म्हणाली, "काशा, तुजा बाप बाटला. तुजं पानी मी कसं पिऊ?"

माझा बाप बाप्तिस्मा घेऊन याकोब झाला. मी काशीरामच राहिलो. नाव बदलायचं का, हे विचारायला लोक आले तेव्हा मी आंब्यावर चढलो होतो आणि खाली यायला तयार नव्हतो. हे येसूबाईला सगळं माहीत. त्याच आंब्याखालून ती डोक्यावर पाटी घेऊन जायची.

म्हटलं, "पिऊ नकोस मावशी. भांडी घास."

तिनं विचार केला. तुळशीपाशी गेली, दोन पानं तोडली, एकेका घागरीत एकेक टाकलं. "आता झालं," म्हणाली, आणि तांब्या भरून घटाघटा प्याली. केवढी तहानलेली होती!

संध्याकाळी पाळकसाहेबांना विचारलं, मी त्या पानाला हरकत घ्यायला हवी होती का? ते म्हणाले, "तिला तहान लागली होती ना, काशीराम? मग पान राहू दे."

शुक्रवार, १६ जानेवारी

विस्तवही नेतो आता. नारळाच्या सोडणात निखारा घालून, फुंकत फुंकत. पुढं मागं पाणी, हातात आग. प्रभू मला बघून हसत असेल तर त्याचा राग येणार नाही.

दुपारी रंधा मारत होतो, तर दारात धाकू.  त्याच्या हातात वल्हं.

"मेस्त्री, हे दुरुस्त कर."

फिरवून पाहिलं. धडधाकट. "काय झालंय याला?"

"बग, सापडंल काय तरी."

बसला. अख्खी विडी ओढून संपवली. मग म्हणाला, "तू आमच्या गावकीत नायस."

"नाही."

"म्हंजे आमचा हुकूम तुला लागू नाय."

"नाही."

"तुला कोन पानी ने म्हनलं नाय, आनि कोन नको पन म्हनू शकत नाय."

"नाही."

"मग बरं हाय," म्हणाला आणि उठून गेला. वल्हं ठेवून.

शनिवार, १७ जानेवारी

सकाळी ओट्यावर केळीच्या पानात एक सरंगा. एकट्या माणसाला चार दिवस पुरेल एवढा. कालवण केलं, अर्धं खाली नेलं. येसूबाईनं डोकं चोखलं आणि म्हणाली, "मासा धाकूच्या जाळ्यातला हाय. गालावर जाळ्याची खून होती काय बारीक?" होती. "चव बरी हाय मेल्याची."

कालवणात तिनं तुळशीचं पान टाकलं नाही. मी विचारलं नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

आज पोट दुखेपर्यंत हसलो. कितीक दिवसांनी.

येसूबाईच्या कुंपणापलीकडं गुणवंती राहते. तीस वर्षांची शेजारीण. रोज भांडण, रोज मेळ. आता बोलायची बंदी. मी कावड उतरवतोय तोच ती कुंपणाशी आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "मेस्त्री, तिला सांगा, तिच्या कोंबडीनं माजी मिरचीची रोपं उकरली."

दोघींत पाच हातांचं अंतर. मी मध्ये. येसूबाई मला म्हणाली, "सांग तिला, कोंबडी माजी हाय, पन अक्कल शेजारातनं उचललीय."

मी सांगितलं. गुणवंतीनं उत्तर दिलं. त्यात एक शब्द असा होता की तो वगळून पुढचं सांगितलं.

"मदलं खाल्लंस," येसूबाई म्हणाली.

"मावशी, ते माझ्या तोंडात बसत नाही."

"मग बोटांनी दाखीव."

"मेस्त्री, ऱ्हावू द्या," गुणवंती म्हणाली, "तिला ऐकू आलंय."

 आणि एकदम तिघांनाही हसू फुटलं! दोघी एकमेकींकडं पाठ करून हसत होत्या. पाठ करून हसायला बंदी आहे की नाही, हे बैठकीत ठरायचं राहून गेलं असावं.

निघताना गुणवंतीनं माझ्या रिकाम्या घागरीत बारा बांगडे टाकले. "एकट्याला खपतील ना? नाय खपले तर कोनाला द्यायचे ते द्या. मी इचारनार नाय."

रविवार, २५ जानेवारी

पाळकसाहेबांनी उपदेशात आपल्यातल्या एका भावाच्या पाण्याच्या कावडीबद्दल सांगितलं. नाव घेतलं नाही. सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं.

बरं वाटलं. फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. मग लाज वाटली आणि गुडघे टेकले. प्रभू, मासे धाकूचे, बांगडे गुणवंतीचे, वाल कोणीतरी ओट्यावर ठेवून गेलेले, पाणी तर तुझंच. माझा यात बांबू तेवढा!

प्रार्थनेतही हसू येत होतं. काय झालंय मला?

मंगळवार, ३ फेब्रुवारी

हिराचं पत्र. मुंबईहून. माझी एकुलती एक लेक, काळजी करण्यात आईवर गेली आहे. लिहिते, "बाबा, तुम्ही एकटे कसे राहता? घर बंद करा आणि इकडे या. आमची खोली लहान आहे, पण तुमची पेटी मावेल." दिवाळीला मी शब्द दिला होता, पावसाआधी येईन म्हणून. पेटी अर्धी भरलेलीही आहे. जूनला आगबोटी बंद होतात, मग गणपतीपर्यंत रस्ता नाही. मोटारीनं घाट चढणं मला सोसत नाही.

येसूबाईला सांगितलं. म्हटलं, "तुझं वाळीत उठलं, की त्याच आठवड्यातल्या बोटीनं मी गेलो. त्याआधी नाही."

"मग तू हितंच म्हातारा होनार," ती म्हणाली.

पण नंतर पायरीवर बसून हळूच बोलली. तिला वाळीतात मरायचं नाही. वाळीतातल्या मढ्याला वाडीतलं माणूस हात लावत नाही. तिला तिच्या माणसांच्या खांद्यावरून जायचं आहे. नवरा, मुलगा असे गेलेच नाहीत, दर्यानं परत दिले नाहीत. निदान मी तरी, म्हणाली.

"माझा खांदा आहे," मी म्हटलं.

"तो एक झाला. चार लागतात."

मग न राहवून म्हणालो, "मावशी, म्हण ना एकदा चुकले. एकच शब्द."

रागावली नाही. "एक शब्द खोटा बोलले, तर माजं बाकीचं खरं कोन ऐकंल?"

वर येताना कावड रिकामी होती, तरी जड. तिला चार खांदे कसे मिळवून देऊ? रोज हेच मागतो आहे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

उद्या देवरूखला. तिथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या नव्या घराच्या चौकटी बसवायच्या आहेत, दहा-अकरा दिवसांचं काम. शिमगा त्यातच निघून जाईल. ते एक बरं. पालखी नाचते, ढोल वाजतात, आणि आम्ही दारं लावून बसतो. पाय मात्र आत ठेका धरतात, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आज अकरा खेपा केल्या. येसूबाईचा हंडा, कळशी, सगळी मडकी, परात, शेवटी भात मोजायची पायलीसुद्धा भरली. "आता माज्या कानात पन वत," म्हणाली.

काटकसरीनं वापर म्हणून बजावलं. पुरणार नाही, मला ठाऊक आहे. मध्ये एकदा पाळकसाहेबांचा गडी दोन घागरी टाकून येईल, तेवढीच आशा.

मंगळवार, १० मार्च

घाईत लिहितो आहे, अक्षर वाईट येतंय.

काल संध्याकाळी देवरूखहून आलो. आज उजाडताच कावड घेऊन पळत खाली. वाटेत पाळकसाहेबांच्या गड्यानं सांगितलं, त्याला ताप आला होता, तो गेलाच नव्हता.  अकरा दिवस! बाई जिवंत असेल का?

येसूबाई अंगणात सूप घेऊन बसलेली. ताजीतवानी. केसांना तेल. आत गेलो. हंडा काठोकाठ. कळशी काठोकाठ. सगळी मडकी मी भरली होती तशी!

"मावशी, पाणी संपलं नाही?"

"संपलं नाय."

"तू प्यालीस ना?"

"मग काय वारा प्याले?"

मी हंड्यात हात बुडवून पाहिला. पवित्र शास्त्रातल्या त्या विधवेची तेलाची कुपी आठवली, जी ओतली तरी आटली नाही. इथं, खालच्या वाडीत, एका कुडाच्या घरात! माझ्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम. येसूबाई माझ्याकडं विचित्र बघत होती.

मी म्हटलं, "प्रभू इथं काम करतो आहे, मावशी. आता वाळीतही उठेल बघ. आणि उठलं की मी लगेच मुंबईला. हिराला तसंच लिहिलंय."

ती काहीतरी सांगणार होती. तोंड उघडलंही. मग मिटलं. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "कावड ठेव. दमलायस."

बुधवार, ११ मार्च

पाळकसाहेबांना चमत्कार सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "काशीराम, तिनं आंघोळ केली नसेल."

केसांना तेल होतं, साहेब! पण वाद घातला नाही.

शुक्रवार, २० मार्च

आज गंमत झाली. मी चुलीत निखारा ठेवत होतो. बाहेर येसूबाई म्हणाली, "मीठ हाय का गं?" आणि कुंपणापलीकडून गुणवंती, "हाय की, थांब आनते!"

मी बाहेर आलो. दोघी थिजल्या. गुणवंती पटकन माझ्याकडं वळून म्हणाली, "मेस्त्री, तिला सांगा, मीठ हाय."

मी सांगितलं. येसूबाई म्हणाली, "सांग तिला, मला ऐकू आलं."

तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून जातं. मी दुसरीकडं पाहिलं. मी कशाला चुगली करू? उलट मला आनंदच झाला. बंदीचा दगड झिजतो आहे. दिवसेंदिवस झिजतो आहे.

रविवार, ५ एप्रिल

आज ईस्टर. प्रभू उठला आहे! पहाटे एवढी घंटा वाजवली की दोर तुटला.

उपासना संपवून बाहेर येतो तो काजूच्या झाडाखाली येसूबाई. टेकडी चढून आलेली! म्हणाली, "तू येवढी घंटा बडवलीस, वाटलं आग लागली." तिच्यामागं वीस पावलांवर गुणवंती, जणू काही तिची ती आलेली. आणि तिच्याही मागं, वाटेच्या वळणावर, धाकू. तो म्हणाला, वल्हं बघायला आलो. कुठलं वल्हं? त्याचं तर जानेवारीतच दिलं.

येसूबाईनं पदराखालून भांडं काढलं. आळवाचं फतफतं, वर फणसाच्या आठळ्या. तिच्या परसातलं आळू यंदा असं माजलंय की पान डोक्यावर घेतलं तर छत्री होईल. आमच्या सगळ्या मंडळीनं खाल्लं. पाळकसाहेबांनी दोनदा वाढून घेतलं. धाकूलाही दिलं, आणि त्यानं येसूबाईच्या हातचं खाल्लं! मी डोळे मिटले. पाहिलंच नाही तर मी साक्षीदारही नाही.

सगुणा असती तर म्हणाली असती, तुम्ही हसताना दात दिसतात, ते मी विसरलेच होते.

बुधवार, २९ एप्रिल

येसूबाईच्या घरावर माडाची नवी झापं! सगळं छप्पर शाकारलेलं, दोऱ्या कशा ताणून बांधलेल्या. खलाशाची गाठ, बाईमाणसाची नव्हे.

"हे कोणी केलं?"

"मान्सांनी."

"कोणत्या माणसांनी?"

"दोन हात दोन पाय असलेल्या."

म्हणजे हुकूम मोडून केलं. चोरून केलं असणार, पहाटे, मी यायच्या आत. किती धीराची ही माणसं! आणि मी मनात त्यांना कठोर म्हणत होतो. क्षमा मागितली. दिवसभर रंध्याच्या तालावर गात होतो. समोरच्या झाडावरचा कावळा उडून गेला.

शनिवार, १६ मे

खांद्यावर कावडीचा घट्टा पडला आहे. आरशात पाहिला. छान दिसतो.

आज मात्र एक पाहिलं. मी निघून वळणावर आलो, चकत्या विसरल्या म्हणून परतलो. येसूबाई माझं पाणी आळवाला घालत होती. दोन्ही घागरी. मला बघून म्हणाली, "त्याला पन तहान लागते." आळवाला रोज दोन घागरी! म्हणून ते एवढं वाढलं! मग ती स्वतः पिते काय? ओठ तर सुकलेले दिसत नाहीत. उद्यापासून तीन खेपा करायच्या ठरवल्या.

हिराचं पत्र पुन्हा आलं. शेवटची आगबोट मंगळवारी, सव्वीसला. "बाबा, कळवा." पेटी ओसरीवर काढून ठेवली. रोज तिला ठेच लागते.

रविवार, २४ मे

आज सरळ विचारलं. परवा बोट. दुसरा मार्ग नव्हता.

येसूबाई जाळं शिवत बसली होती. एवढं मोठं जाळं तिचं नव्हे, पण ते विचारलं नाही. तिच्यासमोर उकिडवा बसलो. म्हटलं, "मावशी, तू कधी खोटं बोलत नाहीस. मला सांग. धाकूनं माघार घेतली का? वाळीत उठलं का? उठलं असेल तर मी निर्धास्त जातो. नसेल तर राहतो. हिराला काय ते कळवतो."

तिनं सुई थांबवली. कुंपणापाशी गुणवंती काहीतरी वेचत होती, तीही थांबली. येसूबाई बराच वेळ दर्याकडं बघत होती. 

मग म्हणाली, "नाय."

आणि मान खाली घालून भराभर शिवायला लागली. तीन फासे चुकीचे घातले, आणि उसवले.

मला वाईट वाटायला हवं होतं. तिच्यासाठी वाटलं, खरंच वाटलं. चार खांदे अजून लांबच. आणि हिरा रुसेल. पण टेकडी चढताना पाय असे हलके का पडत होते? पेटी परत आत ढकलली तेव्हा शीळ कोण घालत होतं? प्रभू, माझं काहीतरी चुकतं आहे. दुसऱ्याच्या दुःखावर माझा आनंद उभा आहे की काय? उत्तर दे. सावकाश दिलंस तरी चालेल.

मंगळवार, २६ मे

सकाळी पोस्टमन दादू हिराचं पत्र घेऊन आला. पलीकडच्या वाडीचा. कावड बघून म्हणाला, कोणाला पाणी? म्हटलं, येसूबाईला, तिचं वाळीत ना. तो बघतच राहिला. "मेस्त्री, ते तर शिमग्यालाच मिटलं! पालखी बसली होती, समदी जमलेली, आनि धाकूनंच नारळ ठेवला. होडी माजीच होती, चुकलो म्हनाला. मी होतो की तितं. तुमाला कोन बोललं नाय?"

कोणी नाही. पावणेतीन महिने, अख्खी वाडी.

काठोकाठ भरलेला हंडा. कुंपणावरून आलेलं मीठ. झापं. दोन महिने जिनं वाळीत सोसलं पण एक खोटा शब्द बोलली नाही, ती परवा बोलली. एकच.

हिराला कार्ड लिहिलं: "येत नाही. मी इथं एकटा नाही."

बोटीचा भोंगा वाजला तेव्हा मी विहिरीवर दुसरी घागर भरत होतो. खाली उतरलो. येसूबाई दारातच उभी, चेहरा उतरलेला. दादू तिथंही पोचला होता, दिसतच होतं. "काशा, परवा मी तुला—"

"मावशी, राहू दे. कावड कुठं ठेवू ते सांग."

तिनं डोळ्यांना पदर लावला आणि बोट दाखवलं. "ठेव की. रोजच्या जागी."